क्लीनरच्या बाजूचा आवाज

विनता मुंडलेला स्वतःचा आवाज फार आवडायचा, आणि हे ती कुणापासून लपवायचीही नाही. गणेशोत्सवातल्या नाटकाच्या घोषणा पडद्यामागून तीच करायची, आणि माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला सगळं ऐकू जायचं. तिचा नवरा श्रीकांत म्हणायचा, हिला फोन कशाला पाहिजे, खिडकी उघडली की काम होतं. त्यामुळे ट्रकमध्ये बसवायच्या यंत्राला आवाज कुणाचा द्यायचा, हा प्रश्न निघाला आणि निघाल्याबरोबर मिटलासुद्धा.

हे यंत्र काय, ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर उंचावर बसतो, उजव्या अंगाला. त्याला दूरचा पूल दिसतो, पुढच्या ट्रकच्या टपावरचा कावळा दिसतो, पण स्वतःच्या डाव्या कुशीत काय आहे ते दिसत नाही. डाव्या दाराखाली, पुढच्या चाकाशी एखादी स्कूटर येऊन चिकटली, तर ती कुठल्याच आरशात येत नाही. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा. तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळायचा, ओरडायचा, पत्र्यावर थापा मारायचा, आणि ड्रायव्हर डोळे मिटून त्याच्या भरवशावर गाडी वळवायचा. हल्ली मालक क्लीनर ठेवत नाहीत आणि ठेवायचा म्हटला तरी मिळत नाही. त्या जागेवर ड्रायव्हरची पिशवी बसते. पिशवी काही ओरडत नाही.

ही रिकामी जागा विनताच्या डोक्यात बसली होती. तिचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात फौजी ट्रक जोडायचे, त्यामुळे ट्रकची बडबड ती लहानपणापासून ऐकत आलेली. पुढे ती इंजिनियर झाली, चार ठिकाणी नोकऱ्या केल्या, कंटाळली, आणि जबलपूरला परत येऊन रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं वर्कशॉप काढलं. जोडीला बहिणीचा मुलगा विपुल. यंत्राची हाडं-मांस विनताची आणि डोकं विपुलचं, अशी वाटणी होती. ट्रकच्या डाव्या अंगाला रडार आणि एक कॅमेरा, ड्रायव्हरसमोर छोटा पडदा, आणि बोलायला स्पीकर.

आधी त्यांनी भोंगा लावून पाहिला होता. तो खांबाला पाहून केकाटायचा, म्हशीला पाहून केकाटायचा, दुभाजकाशेजारून गाडी गेली की थांबायचाच नाही. ड्रायव्हरांनी दुसऱ्याच दिवशी वायरी कापल्या आणि बरं केलं, असं विनताचंच मत. नवं यंत्र शहाणं होतं. उभ्या खांबाकडे ते बघायचंही नाही. डाव्या बाजूला हलतं माणूस किंवा वाहन आलं आणि ड्रायव्हरचं स्टिअरिंग तिकडे वळू लागलं, तरच ते तोंड उघडायचं.

पण बोलायचं काय? विपुलनं वाक्य लिहून आणलं होतं, "बायीं ओर वाहन है, कृपया सावधानी बरतें."

"अरे, एवढं ऐकेपर्यंत त्या वाहनाची चटणी होईल!" विनता म्हणाली. "ड्रायव्हरला ड्रायव्हरच्या भाषेत सांग ना. हे काहून रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं बोलून राहिला तू?"

मग ती स्वतः ट्रान्सपोर्ट नगरात गेली, चहाच्या टपरीवर बसली आणि कान उघडे ठेवले. तिथे अजून काही जुन्या ट्रकवर क्लीनर होते, आणि अरुंद गल्लीत गाडी वळवताना ते एकच शब्द ओरडत होते. "डेरी! डेरी! डेरी!" बुंदेलीत डेरा हात म्हणजे डावा हात, हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. विनताला शब्द सापडला. छोटा, खणखणीत, इथल्या मातीतला. तिनं तो आपल्या आवाजात भरला, एकदा ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वाटू द्या. कौतुक वाटण्यासारखंच काम होतं ते.

यंत्र घ्यायला गिऱ्हाईकही तयार होतं. रत्नाकर पोहरकर, म्हणजे तिच्या वडिलांचे स्नेही, ट्रान्सपोर्टचे मोठे मालक. पाटन आणि पनागरकडचा मटार उचलून नागपूर-मुंबईकडे धाडायचा, हा त्यांचा हिवाळ्यातला मुख्य धंदा. माणूस रोखठोक, आणि बोलायला लागला की समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नसलेला.

"हे बघ विनता, मी तुझ्या बापाला ओळखतो म्हणून यंत्र घेणार नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "आधी एका गाडीवर लाव. गाडी देतो, आणि ड्रायव्हर देतो माझा सगळ्यात चांगला. नथ्थूला पसंत पडलं, तर सगळ्या गाड्यांवर लावू."

नथ्थू भैया म्हणजे पोहरकरांच्या गाड्यांवरचा सगळ्यात जुना माणूस. पांढऱ्या मिशा, कपाळावर टिळा आणि तोंडात कायम एक लवंग. इतकी वर्षं ट्रक चालवून त्यानं माणूस तर सोडाच, कुणाची कोंबडीही चाकाखाली घेतली नव्हती, आणि हे तो नाही, बाकीचे ड्रायव्हर सांगायचे. नवी पोरं लागली की पोहरकरकाका त्यांना आधी नथ्थूशेजारी बसवायचे.

चाचणीच्या दिवशी सकाळी ट्रक पाटनहून मटार भरून निघाला. नथ्थू स्टिअरिंगवर, विनता त्याच्या मागच्या झोपायच्या फळीवर, पडद्यावर नजर लावून. विपुल मागून कारनं येत होता. यंत्र नुसतं पाहत होतं, गप्प होतं, आणि विनताला वाटलं, असंच पाहिजे. दमोह नाक्याला गर्दी लागली. ऑटो, ठेले, शाळेच्या व्हॅन, सगळे एकमेकांच्या अंगावर. नथ्थूनं वेग कमी केला, इशारा दिला, डावं वळण अगदी सावकाश घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी एक स्कूटरवाली पोरगी कोचिंगला उशीर झाल्यासारखी ट्रक आणि फूटपाथ यांच्या मधल्या फटीत घुसली.

पडद्यावर पिवळा चौकोन चमकला. स्पीकरमधून विनताचा आवाज घुमला. "डेरी! डेरी!"

आणि नथ्थूनं गाडी सर्रकन डावीकडे वळवली.

सावकाश वळत होती ती गाडी त्यानं जोर लावून घातली, सरळ त्या पोरीच्या अंगावर. विनताच्या तोंडातून फक्त निघालं, "रोको! भैया, रोको!" ट्रक जागच्या जागी आचके देत थांबला. विनता धडपडत खाली उतरली. पोरगी फूटपाथवर बसली होती, गुडघा खरचटलेला, स्कूटर बंपरखाली आडवी, तिचा आरसा फुटलेला. पोरीनं पहिल्या दमात ट्रकला, दुसऱ्या दमात नथ्थूला आणि तिसऱ्या दमात विनताला जे काही सुनावलं, ते ऐकून विनताच्या जिवात जीव आला. एवढं भांडता येतंय म्हणजे पोरगी धड आहे.

नथ्थू मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून होता.

"भैया, काहून वळवली तुम्ही?" विनतानं विचारलं. "आवाज आला होता ना?"

"आवाज तो आई, दीदी. आवाज आई और हाथ घूम गए. हमें खुद समझ नहीं आ रहा," नथ्थू म्हणाला. तोंडातली लवंग त्यानं थुंकून टाकली. "लगता है, उमर हो गई हमाई."

दुपारी पोहरकरांच्या ऑफिसात सगळे जमले. विपुलनं कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. पोरगी फटीत शिरली, यंत्र ताबडतोब ओरडलं, आणि तरीही ड्रायव्हर तिच्या अंगावर गेला. काकांनी ते दोनदा पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"यंत्र पास," ते म्हणाले. "माणूस नापास. विनता, लाव बाई सगळ्या गाड्यांना. आणि नथ्थू, चावी ठेव इथं. वाईट वाटून घेऊ नको, पण आज ती पोरगी गेली असती. उद्यापासून गोदामात बस, मोजणी कर. गाडीवर आता नाही."

नथ्थूनं खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. गोदामात बसणं म्हणजे त्याच्यासाठी जिवंतपणी कोपऱ्यात ठेवणं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. विपुलचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि विनताला त्याचा राग आला. मग लक्षात आलं की त्याची तरी काय चूक, ऑर्डर मिळाली होती. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली होती. तिनं फक्त "हो काका" म्हणायचं होतं.

ते काही तिच्या तोंडातून निघेना. ज्या माणसानं कोंबडीला धक्का लावला नाही, तो इशारा ऐकूनही पोरीच्या अंगावर जातो? म्हातारपणानं हात थरथरतात, उशीर होतो. नेमके उलटे कसे फिरतील?

"काका, आत्ता ऑर्डर देऊ नका," ती म्हणाली. "आणि भैयांची चावी कुणाला देऊ नका. काहीतरी चुकून राहिलंय, ते मला शोधू द्या."

"मावशी!" विपुल कळवळला.

"तू गप रे."

"तुला ऑर्डर देऊन राहिलो तर तू नाही म्हणून राहिली?" काकांनी भुवया चढवल्या. "बरं, शोध. पण मटरचा सीझन आहे. गाडी उभी ठेवून मी आरती करत बसणार नाही. लवकर सांग."

संध्याकाळी विनता घरी आली तेव्हा डोकं भणभणत होतं. तिचं घर नेपियर टाउनमध्ये, आणि तिथल्या गल्लीत कार लावणं हा रोजचा तमाशा. एका बाजूला दवाखान्याच्या पेशंटांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला कोचिंगच्या पोरांच्या स्कूटर, मधल्या चिंचोळ्या जागेतून कार उलटी फाटकात घालायची. श्रीकांत नेहमीप्रमाणे चपला घालून मदतीला आला आणि कारच्या मागे उभा राहून हातवारे करू लागला. शाळेतला गणिताचा मास्तर तो, पण कार मागे घ्यायची म्हटली की त्याला स्फुरण चढायचं.

"ये, ये, येऊ दे... डावीकडे! डावीकडे! डावीकडे!"

विनतानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. खळ्ळकन आवाज आला. मागचा दिवा विजेच्या खांबाला लागून फुटला.

"अगं, डावीकडे डावीकडे म्हणून कोकलून राहिलो ना मी!" श्रीकांत ओरडला.

"मग डावीकडेच तर घेतली मी!" विनता खिडकीतून बाहेर डोकावली.

"घे म्हणून कोण म्हणालं? डावीकडे खांब आहे म्हणून सांगून राहिलो!"

"मग खांब म्हणा ना! नुसतं डावीकडे काहून म्हणता? मी काय तुमच्या डोक्यात येऊन..."

आणि ती मधेच थांबली. तोंड उघडं ते उघडंच. श्रीकांतनं सावधपणे एक पाऊल मागे घेतलं, कारण लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायको भांडणाच्या मध्यावर थांबल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय परत म्हणू?"

"आत्ता म्हणाले ते. तुम्ही सांगत होते आणि मी केलं. असंच ना?"

"असंच. आणि माझा दिवा फुटला."

विनता कारमधून उतरली, भर गल्लीत नवऱ्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले आणि हसत सुटली. दवाखान्यातून औषधं घेऊन निघालेले एक आजोबा थबकून पाहू लागले. श्रीकांत म्हणाला, "चला घरात, लोक बघून राहिले." पण तिला लोकांचं काही पडलं नव्हतं. दिवा गेला तर गेला, नथ्थू भैयाचे हात का फिरले ते तिला सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहरकरांच्या ट्रक उभ्या करायच्या आवारात हजर झाली. नथ्थू गोदामाच्या पायरीवर बसला होता आणि बाकीचे ड्रायव्हर त्याची नजर चुकवून दुरून जात होते. विनतानं काकांकडून चावी मागून घेतली आणि नथ्थूच्या पुढ्यात धरली.

"भैया, चढा गाडीवर. कुठं जायचं नाही. इंजिन चालू करा, हँडब्रेक ओढलेला राहू द्या आणि डोळे मिटून बसा."

"दीदी, रहने दो अब," नथ्थू पुटपुटला, पण काका बघत होते, म्हणून चढला. विनतानं काकांना पुढच्या चाकांपाशी नेऊन उभं केलं. मग ती वळसा घालून डाव्या दाराशी गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "भैया, डेरे हाथ पे एक गाड़ी है." चाकं हलली नाहीत. नथ्थूचा पाय मुकाट्यानं ब्रेकवर गेला तेवढाच.

"आता बघा काका," ती म्हणाली. पायरीवर चढून ती दाराला लोंबकळली आणि एखाद्या सराईत क्लीनरसारखी ओरडली, "डेरी! डेरी! डेरी!"

पुढची दोन्ही चाकं खडी चिरडत डावीकडे फिरली. नथ्थूचे डोळे अजून मिटलेलेच होते.

काकांनी चाकांकडे पाहिलं, विनताकडे पाहिलं, पुन्हा चाकांकडे पाहिलं. मग त्यांनी आणखी दोघा-तिघांना बोलावून बसवलं. ज्यांनी क्लीनरबरोबर गाडी चालवली होती त्यांचे हात नथ्थूसारखेच डावीकडे फिरले. आलोक नावाचा एक नवा ड्रायव्हर होता, ज्यानं जन्मात क्लीनर पाहिला नव्हता. तो मात्र नुसता बसून राहिला आणि म्हणाला, "डेरी क्या?"

"कळलं का?" विनता खाली उतरून हात झाडत म्हणाली. "क्लीनर डेरी म्हणतो तेव्हा डावीकडे कुणी आहे असं नाही सांगत. डावीकडे जागा मोकळी आहे, वळव तिकडे, असा हुकूम देतो. मी तो शब्द टपरीवर बसून ऐकला, आणि त्याचा अर्थ नुसता डावीकडे असं समजून यंत्रात भरला. म्हणजे पोरगी आडवी आली की माझं यंत्र भैयांना सांगतं, जागा मोकळी आहे, घाल गाडी. भैया चांगला ड्रायव्हर आहे म्हणून ऐकलं त्यांनी. वाईट असता तर ऐकलंच नसतं."

"म्हणजे यंत्र चुकलं म्हण की," काका म्हणाले.

"यंत्रानं बरोबर पाहिलं. शब्द मी चुकीचा दिला. तो मीच बदलून आणते. तोवर भैयांची जागा कुणाला द्यायची नाही."

नथ्थू दार उघडून खाली उतरला होता. उपरण्यानं त्यानं चेहरा पुसला, मग पुन्हा पुसला, आणि आलोकनं न सांगता त्याच्यासाठी चहा आणला.

वर्कशॉपमध्ये परतताना विपुल कारमध्ये चुळबुळत होता. शेवटी त्याच्यानं राहवेना. "मावशी, सरळ 'डावीकडे गाडी आहे' एवढं म्हणू ना आपण. सांगितलं की आपलं काम संपलं, पुढचं ड्रायव्हर बघेल. तू जर 'थांब' म्हणायला लावलंस आणि मागून कुणी येऊन धडकलं, तर सगळे आपल्याला धरतील. माहिती दिली तर जबाबदारी त्याची. हुकूम दिला तर आपली."

मुद्दा खोटा नव्हता. पोरगं हुशार होतं आणि विनताला त्याचा अभिमानही होता. पण तिच्या डोळ्यांसमोरून दमोह नाका हलत नव्हता. त्या गर्दीत, त्या गोंगाटात कुणाला माहिती हवी होती? ट्रक थांबला तो ती मागच्या फळीवरून "रोको" म्हणून किंचाळली म्हणून.

"विपुल, क्लीनर काय म्हणायचा रे? 'आपल्या माहितीसाठी सांगतो' म्हणायचा?" तिनं विचारलं. "त्याच्या जागेवर बसायचं आहे ना आपल्याला? मग त्याची जबाबदारीपण घ्यावी लागते. हलकं हलकं काम तेवढं आपलं आणि जड असेल ते भैयांचं, असं नाही चालत."

विपुलनं सुस्कारा सोडला. "तू ऐकणार नाहीस."

"नाही ऐकणार. चलो, कामाला लागू."

मग त्यांनी डावा-उजवा हा विषयच यंत्रातून काढून टाकला. धोका दिसला की कुठल्याही क्लीनरनं पिढ्यानपिढ्या जे केलं तेच यंत्र करणार होतं, दाराच्या पत्र्यावर धडाधड थापा आणि "रोक! रोक!" स्पीकर ड्रायव्हरच्या समोरून काढून डाव्या दारात बसवला, म्हणजे आवाज त्याच बाजूनं यावा. थापा खऱ्याच हव्यात म्हणून विनतानं भंगारात निघालेलं ट्रकचं दार आणवलं आणि तळहात लाल होईपर्यंत बडवलं. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं येऊन विचारलं, दीदी, किसपे गुस्सा हो? विपुलच्या जबाबदारीच्या काळजीला मान देऊन तिनं एक गोष्ट मात्र ठरवली. "जाने दो" हे यंत्र कधीच म्हणणार नव्हतं. थांबवायचं काम यंत्राचं, निघायचं काम ड्रायव्हरचं.

संक्रांत झाली आणि पुन्हा चाचणी ठरली. या वेळी आधी आवारातच, अशी काकांची अट. बातमी पसरली होती, त्यामुळे हातातलं काम सोडून सगळे ड्रायव्हर भिंतीशी रांगेनं उभे. काकांनी डाव्या बाजूला ठेवायला एक रिकामा पिंप आणवला होता.

"पिंप कशाला?" विनता म्हणाली. तिनं हेल्मेट घातलं आणि आपली स्कूटर सुरू केली. "पिंप वाचला म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही, काका."

"वेडी का तू?"

"दीदी, आप नहीं!" नथ्थू वरून ओरडला. "पीपा रख दो. हमसे नहीं होगा."

"भैया, मला तुमच्या हातांवर भरवसा आहे आणि माझ्या यंत्रावरपण आहे. तुम्ही फक्त वळा. आरशात मला शोधू नका."

ट्रक निघाला. विनता स्कूटर घेऊन डाव्या दाराखाली, बरोबर त्या न दिसणाऱ्या तुकड्यात शिरली. पुढचं चाक तिच्या खांद्याएवढं होतं आणि कानाशी गुरगुरत होतं. तिला भीती वाटली. का नाही वाटणार? मरणाची भीती वाटली. पण हात हलले नाहीत तिचे. सर्किट तिनं स्वतः जोडलं होतं, आणि स्टिअरिंगवर कोण बसलंय तेही तिला ठाऊक होतं. ट्रकचं नाक डावीकडे वळू लागलं. चाकाचा रबर जवळ आला, आणखी जवळ आला.

दार दणाणलं. धाड धाड धाड! "रोक! रोक!"

ट्रक थांबला. धूळ तेवढी पुढे गेली. विनतानं हात लांब करून चाकाला बोट लावलं आणि मग स्कूटर बंद केली. भिंतीशी उभ्या ड्रायव्हरांनी एकच गिल्ला केला. नथ्थू उतरून धावत आला, तिच्याकडे पाहिलं, हात जोडले, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. "रुक गई दीदी, रुक गई," एवढंच म्हणत होता.

काका हात मागे बांधून सावकाश चालत आले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता, पण कबूल करतील तर ते पोहरकर कसले. "सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे आता नुसतं सांगत नाही, हुकूम देतं. उद्या हुकूम चुकला तर कुणाला धरू? नथ्थूला की तुला?"

विपुल जमिनीकडे बघत होता. ड्रायव्हर सगळे विनताकडे बघत होते. क्लीनर गेले तेव्हापासून गाडीला काही झालं तर कुणाला धरायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ड्रायव्हरलाच धरायचं असतं.

"मला," विनता म्हणाली. "ज्यानं थांब म्हटलं त्याला धरायचं. पूर्वी क्लीनरला धरायचे ना?"

"धरायचे? कानाखाली वाजवायचे!"

"मग वाजवा. पण मला. भैयांना नाही."

काका तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं. त्यांनी विपुलच्या पाठीवर जोरात थाप मारली. "सगळ्या गाड्यांना लावा. आणि नथ्थू, रडून काय राहिला बे? चावी गाडीलाच आहे ना? मटर सडून राहिला. निघ नागपूरला."

नथ्थूनं डोळे पुसले, कपाळाचा टिळा सारखा केला आणि वर चढला. मटार भरलेला तोच ट्रक फाटकाकडे निघाला. विनता पायीच मागून चालत गेली. उगाच, जाताना बघायला. फाटकातून बाहेर पडून नथ्थू डावीकडे वळू लागला, आणि एक पेरूवाला आपली हातगाडी लोटत, कानाला फोन लावून, इकडे तिकडे न बघता थेट त्याच्या डाव्या चाकाशी आला.

धाड धाड धाड! "रोक! रोक!"

ट्रक तिथल्या तिथे थांबला. पेरूवाल्याची हातगाडी चाकासमोरून हातभर अंतरानं पुढे निघून गेली. आपल्या बाबतीत काय टळलं हे त्या भल्या माणसाला कळलंच नाही. वाट अडली एवढंच त्याला दिसलं. त्यानं फोन कानावरून काढला आणि वर तोंड करून नथ्थूला झाडलं, "काय, सड़क तुमाए बाप की है? बीच में ठाड़े हो गए!" पुढे दोन शिव्याही दिल्या, अस्सल जबलपुरी, इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

नथ्थूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे वळून फाटकात उभ्या असलेल्या विनताला हाक मारली. "सुन लो दीदी! गाली आपकी है! रोका तो आपने!"

विनताला हसू आवरेना. तिनं दोन्ही हात वर केले. "मेरी ही है, भैया! पूरी की पूरी मेरी!" ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, आणि पेरूवाला आपली गाडी लोटत, त्या वेड्या बाईकडे वळून वळून बघत पुढे निघून गेला.